ऑनिक्स रनटाइम इम्पोर्टच होत नाही: 'डीएलएल लोड फेल्ड' पासून जीपीयूपर्यंत

थांब भावा, आधी ती काढ-टाक बंद कर. चार वेळा अनइन्स्टॉल-इन्स्टॉल केलं की मूळ काय बिघडलं होतं तेच कळेनासं होतं.

बाकीच्यांसाठी तुझा प्रॉब्लेम थोडक्यात मांडतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कापडातले फॉल्ट कॅमेऱ्यानं पकडायचं प्रोजेक्ट आहे, मॉडेल पायटॉर्चमध्ये ट्रेन करून ऑनिक्स या फॉरमॅटमध्ये एक्स्पोर्ट केलंय, ते ऑनिक्स रनटाइम नावाच्या लायब्ररीनं चालवायचं, कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर झकास चालतंय. कारखान्यातल्या विंडोज १० च्या पीसीवर मात्र 'डीएलएल लोड फेल्ड व्हाइल इम्पोर्टिंग ऑनिक्सरनटाइम_पायबाइंड११_स्टेट' येत होतं (डीएलएल म्हणजे विंडोजवर प्रोग्रॅमला लागणारी तयार कोडची फाइल). मग त्यात आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, म्हणजे जीपीयू, आहे म्हणून कुणीतरी सांगितलं जीपीयूवालं पॅकेज टाक, ते टाकलं, मग दोन्हीतलं एक काढलं, आणि आता एरर बदलून 'मॉड्यूल ऑनिक्सरनटाइम हॅज नो अ‍ॅट्रिब्यूट इन्फरन्ससेशन' येतोय. पायथन ३.१३. बरोबर ना?

कमांड आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणं लिहितोय, तू टाइप करताना नेहमीच्या स्पेलिंगनं कर.

आता बघ, हे दोन वेगळे आजार आहेत. पहिला अजून बरा झालेला नाही, दुसरा तू वरून लावून घेतलायस. दुसरा सोपा, तो आधी.

'ऑनिक्सरनटाइम' आणि 'ऑनिक्सरनटाइम-जीपीयू' ही पिपच्या, म्हणजे पायथनची पॅकेजेस टाकणाऱ्या टूलच्या, दृष्टीनं दोन वेगळी पॅकेजेस, पण साइट-पॅकेजेसमध्ये, म्हणजे पॅकेजेस जिथं साठतात तिथं, दोन्ही एकाच नावाच्या फोल्डरमध्ये उतरतात. एकाच खोलीत दोन भाडेकरू ठेवल्यासारखं, एक जण खोली सोडताना दुसऱ्याचंही सामान उचलून नेतो. म्हणजे एक अनइन्स्टॉल केलं की कॉमन फाइली उडतात, त्यात इनिट फाइलसुद्धा जाते, आणि पिप लिस्टमध्ये मात्र दुसरं पॅकेज ऐटीत दिसत राहतं. फोल्डर अर्धवट उरलेला असतो, पायथन त्यालाच मॉड्यूल समजून इम्पोर्ट करतो, एरर न देता, आणि आत इन्फरन्ससेशन, म्हणजे मॉडेल चालवणारा क्लास, शोधायला गेला की काहीच नाही. हे पक्कं करायचं असेल तर इम्पोर्ट झाल्यावर ऑनिक्सरनटाइम डॉट अंडरस्कोर-अंडरस्कोर-फाइल प्रिंट कर. तिथं पाथच्या ऐवजी 'नन' आलं म्हणजे हेच झालंय. डायरेक्टएमएल आणि ओपनव्हिनोवाली पॅकेजेस पण याच फोल्डरमध्ये येतात, त्यांनाही हेच लागू. एका एन्व्हायर्नमेंटमध्ये यातलं एकच.

तिथं पाथ आला, पण तो तुझ्याच प्रोजेक्ट फोल्डरमधला असेल, तर तू टेस्ट करायला म्हणून ऑनिक्सरनटाइम डॉट पीवाय नावाची फाइल केलेली असणार. पायथन आधी स्वतःच्या बाजूला बघतो, ती फाइल सापडते, ती स्वतःलाच इम्पोर्ट करते, आणि एररमध्ये 'पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल' असे शब्द दिसतात. हसू नको, नवीन पोरांच्या मशीनवर हे दर महिन्याला बघतो मी. फाइलचं नाव बदल, पायकॅश फोल्डर उडव, विषय संपला.

साफ करताना एक खबरदारी. आधी ज्युपिटर, व्हीएस कोडचा टर्मिनल, तुझी टेस्टिंगची स्क्रिप्ट, जे जे पायथन चालू असेल ते सगळं बंद कर. विंडोजवर चालू प्रोसेसनं धरलेली डीएलएल पिपला डिलीट करता येत नाही, मग ते टिल्डनं (~) सुरू होणाऱ्या नावाचा फोल्डर करून सामान तिथं सरकवतं आणि पुढं प्रत्येक वेळी 'इग्नोरिंग इन्व्हॅलिड डिस्ट्रिब्युशन' म्हणून पिवळी ओळ दाखवत राहतं. सगळं बंद करून दोन्ही पॅकेजेस अनइन्स्टॉल कर, मग साइट-पॅकेजेस उघडून ऑनिक्सरनटाइम नावाचं आणि टिल्डवालं जे काही उरलंय ते हातानं डिलीट कर. त्याहून बरं म्हणजे जुन्या एन्व्हायर्नमेंटचा नाद सोड आणि नवीन व्हीएन्व्ह, म्हणजे प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन एन्व्हायर्नमेंट, कर. दोन मिनिटांचं काम आहे आणि जुनी घाण सोबत येत नाही.

व्हीएन्व्ह करायच्या आधी मशीनवर पायथन किती आहेत ते बघ. 'व्हेअर पायथन' आणि 'पाय -०पी' या दोन कमांड मार. कारखान्याच्या पीसीवर बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरवाल्यानं टाकलेला एक जुना, कुणीतरी टाकलेला अ‍ॅनाकोंडा, आणि विंडोजअ‍ॅप्स फोल्डरमधला मायक्रोसॉफ्ट स्टोअरचा शॉर्टकट, असे तीन तरी सापडतात. पिप एकात टाकतं आणि स्क्रिप्ट दुसऱ्यानं चालते, मग 'नो मॉड्यूल नेम्ड ऑनिक्सरनटाइम' येणारच. म्हणून नुसतं पिप इन्स्टॉल कधीच मारू नको, कायम 'पायथन -एम पिप इन्स्टॉल', म्हणजे ज्या पायथननं चालवणार त्याच्यातच पडतं.

इथं पायथनच्या व्हर्जनचं पण बघून घेऊ. ऑनिक्स रनटाइमचं तयार व्हील, म्हणजे पिप टाकतं ती फाइल, प्रत्येक पायथनसाठी वेगळं असतं. तुझ्या ३.१३ साठी १.२० किंवा पुढचंच लागतं, त्याच्या आधीच्यात ३.१३ चं व्हीलच नाही. उलट १.२० पासून ३.९ आणि त्याखालचे पायथन बंद झाले. त्यामुळं जुना कोड बघून कुणी 'इक्वल-इक्वल १.१६' असं पिन करून टाकायला गेलं तर 'कुड नॉट फाइंड अ व्हर्जन' असं मिळतं आणि लोक इंटरनेटला शिव्या घालतात. एररमध्ये 'फ्रॉम व्हर्जन्स: नन' असं असेल, म्हणजे एकही व्हर्जन नाही, तर बहुतेक वेळा पायथन इतका नवीन असतो की त्याचं व्हील अजून आलेलंच नसतं, नाहीतर तो ३२ बिट असू शकतो. पायथन उघडल्यावर पहिल्याच ओळीत ६४ बिट का ३२ बिट ते लिहिलेलं असतं, तेवढं वाच. मी असल्या साइटवरच्या मशीनला सगळ्यात नवीन पायथन कधी टाकत नाही, काही पायऱ्या मागचा टाकतो, ३.११ नाहीतर ३.१२. टॉवेलला फरक पडत नाही आणि मला झोप लागते.

आता मूळ आजार, डीएलएल लोड फेल्ड.

या एररमध्ये ज्या फाइलचं नाव येतं ती फाइल गायब आहे असं सगळ्यांना वाटतं. फोल्डरमध्ये जाऊन बघितलं तर ती तिथंच असते. गायब असतं ते तिला लागणारं दुसरंच काहीतरी, आणि विंडोज त्याचं नाव सांगत नाही, हा विंडोजचा फार जुना खोडसाळपणा आहे. म्हणून एररची शेवटची ओळ पूर्ण वाच, तिथंच खरी माहिती असते. 'द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड' असेल, म्हणजे एरर १२६, तर लागणारी डीएलएल मशीनवर नाहीच. 'इनिशियलायझेशन रूटीन फेल्ड' असेल, म्हणजे १११४, तर डीएलएल सापडली पण सुरू होताना पडली, आणि यात बहुतेक वेळा जुनी एमएसव्हीसीपी१४० (सी++ ची एक डीएलएल) उचलली गेलेली असते. 'इज नॉट अ व्हॅलिड विन३२ अ‍ॅप्लिकेशन' असेल, म्हणजे १९३, तर ३२ आणि ६४ बिटची सरमिसळ. तू प्रश्नात एररची पहिलीच ओळ दिलीयस, शेवटची कापून टाकलीस, पण नुकतं विंडोज टाकलेल्या पीसीवर ९९ टक्के १२६ च असणार.

कारण असं, की ऑनिक्स रनटाइम सी++ मध्ये लिहिलेलं आहे आणि त्याला व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सी++ डीएलएलचा संच, लागतं. पायथनच्या इन्स्टॉलरबरोबर व्हीसीरनटाइम१४० येते, म्हणून पायथन स्वतः मजेत चालतं, पण एमएसव्हीसीपी१४० येत नाही. तुझ्या लॅबच्या मशीनवर व्हिज्युअल स्टुडिओ, मॅटलॅब, एखादा गेम, असं काहीतरी आधी टाकलेलं असणार, त्याच्याबरोबर ते रीडिस्ट्रिब्युटेबल आपोआप आलं. कारखान्याच्या पीसीवर टॅली आणि कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर सोडून काही नाही. म्हणून लॅबमध्ये चालतं आणि तिथं नाही, यात तुझ्या कोडचा काही संबंध नाही.

उपाय सरळ आहे: मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल, एक्स६४ वालं, सगळ्यात ताजं, ते टाक आणि पीसी रीस्टार्ट कर. 'आधीच टाकलेलं आहे' असं वाटलं तरी ताजं टाक, कारण नाव तेच ठेवून आतलं व्हर्जन पुढं जात असतं आणि दोन-चार वर्षांपूर्वीचं असलं की १११४ येऊ शकतो. आणि डीएलएल डाउनलोड करून देणाऱ्या त्या भलत्याच साइट असतात ना, तिथून एक सुटी फाइल आणून सिस्टिम३२ मध्ये पेस्ट करायचा सल्ला कुणी दिला तर त्याचा चहा पी आणि घरी पाठव. तपासायचं असेल तर सिस्टिम३२ मधल्या एमएसव्हीसीपी१४० वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथं व्हर्जन दिसतं. हो, ६४ बिटच्या विंडोजवर ६४ बिटच्या डीएलएल सिस्टिम३२ मध्ये असतात आणि ३२ बिटच्या सिसवॉव६४ मध्ये, नाव वाचून उलटं समजू नको.

एवढं करूनही १११४ येत राहिला तर तुझ्या प्रोसेसमध्ये दुसरंच कुणीतरी जुनी एमएसव्हीसीपी१४० आधी लोड करतंय. विंडोज एका प्रोसेसमध्ये त्या नावाची डीएलएल एकदा लोड झाली की पुन्हा शोधायला जात नाही, तीच वापरतं. कोंडाच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये तिची स्वतःची कॉपी असते, पायक्यूटीसारख्या पॅकेजमध्येही असते, कॅमेऱ्याच्या एसडीकेमध्ये, म्हणजे कंपनीच्या प्रोग्रॅमिंग किटमध्ये, तर हमखास. तुझ्या स्क्रीनसाठी पायक्यूटी वापरलंयस ना? मग मेन फाइलमध्ये सगळ्यात वर, कुठल्याही दुसऱ्या इम्पोर्टच्या आधी, ऑनिक्सरनटाइम इम्पोर्ट करून बघ. चाललं तर चोर सापडला. मग तसंच ठेवायचं का ते पॅकेज अपडेट करायचं हे तू ठरव. मी क्रम तसाच ठेवून वर एक मोठी कॉमेंट टाकतो, नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी इम्पोर्ट एबीसीडीप्रमाणं लावतं आणि मशीन बंद.

नमपायचं, म्हणजे आकड्यांच्या अ‍ॅरेसाठीच्या लायब्ररीचं, एक वेगळंच असतं, ते डीएलएलसारखंच दिसतं म्हणून सांगतो. नमपाय २.० जून २०२४ मध्ये आलं आणि १ वर बिल्ड केलेली कित्येक पॅकेजेस त्याच्यावर चालेनाशी झाली. एररमध्ये 'कम्पाइल्ड युझिंग नमपाय १.एक्स' किंवा 'एरे एपीआय नॉट फाउंड' दिसलं तर रीडिस्ट्रिब्युटेबलच्या मागं लागू नको. ऑनिक्स रनटाइम १.१९ पासून नमपाय २ ला चालतं, जुनंच ठेवायची सक्ती असेल तर नमपाय २ च्या खाली पिन कर. तू ३.१३ वर आहेस म्हणजे तुला हे येऊ नये, पण ३.११ वर जाताना जुनी रिक्वायरमेंट्स फाइल जशीच्या तशी घेतलीस तर येईल.

बरं, इम्पोर्ट झालं. आता जीपीयू.

त्याआधी एक विचारतो, जीपीयू लागतोच का तुला? हिशोब कर. तपासणीच्या टेबलावर कापड समज मिनिटाला २० मीटर सरकतंय, म्हणजे सेकंदाला साधारण ३३ सेंटीमीटर. एका फ्रेममध्ये ३० सेंटीमीटर दिसतंय, तर ओव्हरलॅप धरून सेकंदाला दोन फ्रेम पुरे. पन्ह्यासाठी दोन कॅमेरे, म्हणजे चार फ्रेम, प्रत्येकीला २५० मिलिसेकंद. मोबाइलनेटच्या साइजचं मॉडेल, ठीकठाक आय५ प्रोसेसर, सीपीयूवर आरामात बसतं यात. ताणा तुटलेला, बाणा चुकलेला, तेलाचा डाग, एवढंच ओळखायचं असेल तर साधं ऑनिक्सरनटाइम टाक, कूडाची (एनव्हिडियाच्या जीपीयूवर प्रोग्रॅम चालवायचं सॉफ्टवेअर) भानगडच नको, आणि कार्ड दुसऱ्या कामाला ठेव. यंत्रमागाच्या शेजारी ठेवलेल्या पीसीत रुई किती जाते आणि मे महिन्यात सोलापुरात शेडच्या आत किती तापतं हे तुला सांगायला नको. जितका कमी पंखा फिरेल तितकं बरं. आधी सीपीयूवर मोजून बघ, पुरलं नाही तरच खालचं वाच.

जीपीयूला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: ड्रायव्हर, कूडा आणि सीयूडीएनएन, म्हणजे एनव्हिडियाची न्यूरल नेटवर्कसाठीची लायब्ररी. पिपवरून येणारं ऑनिक्सरनटाइम-जीपीयू १.१८ पर्यंत कूडा ११.८ साठी बिल्ड केलेलं होतं, १.१९ पासून कूडा १२ आणि सीयूडीएनएन ९ साठी. सीयूडीएनएन ८ असेल तर ९ वालं बिल्ड चालत नाही, आणि उलटंही नाही. गंमत अशी, की एनव्हिडिया-एसएमआय ही कमांड मारल्यावर वर उजवीकडं कूडा १२ पॉइंट काहीतरी दिसतं, ते बघून लोक खूष होतात. ते मशीनवर टाकलेलं कूडा नसतं. हा ड्रायव्हर जास्तीत जास्त कुठल्या कूडापर्यंत चालेल एवढंच ते सांगतं. प्रत्यक्षात कूडाची एकही डीएलएल मशीनवर नसली तरी तो आकडा दिसतो.

आधी कूडा टूलकिट वेगळं, सीयूडीएनएनची झिप वेगळी, त्यातल्या फाइली कॉपी करा, पाथ सेट करा, असं सगळं करावं लागायचं, अजूनही चालतं. पण आता त्यापेक्षा सोपं आहे: पिपनं ऑनिक्सरनटाइम-जीपीयू टाकताना चौकोनी कंसात कूडा, सीयूडीएनएन लिही, म्हणजे एनव्हिडियाच्या लागणाऱ्या लायब्ररी पिपच आणतं, आणि कोडमध्ये इम्पोर्टनंतर, सेशन बनवायच्या आधी, 'प्रीलोड_डीएलएल्स' हे फंक्शन कॉल कर. हे १.२१ पासून आहे. डाउनलोड भलं मोठं होतं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करू नको. मशीनवर पायटॉर्चचं कूडा १२ वालं बिल्ड आधीच असेल तर टॉर्च आधी इम्पोर्ट केलं तरी काम होतं, त्याच्या डीएलएल ऑनिक्स रनटाइमला सापडतात. पण फक्त इन्फरन्ससाठी, म्हणजे मॉडेल चालवायला, तिथं पायटॉर्च टाकू नको, उगीच वजन.

आता इथं माणसं फसतात. इम्पोर्ट झालं, 'गेट_अव्हेलेबल_प्रोव्हायडर्स' मध्ये (प्रोव्हायडर म्हणजे मॉडेल कशावर चालवायचं ते, सीपीयू का कूडा) कूडा दिसलं, झालं म्हणून उठतात. ती लिस्ट म्हणजे या पॅकेजच्या बिल्डमध्ये काय काय आहे एवढंच. सीयूडीएनएन मशीनवर नसलं तरी कूडा तिथं दिसणारच. सेशन बनवताना कूडाची डीएलएल लोड झाली नाही की लाल अक्षरात एक वॉर्निंग येते, परत तीच १२६, आणि प्रोग्रॅम न पडता गुपचूप सीपीयूवर चालू होतो. वॉर्निंग लॉगमध्ये वाहून जाते आणि मग 'जीपीयू असून स्लो का' असा प्रश्न येतो. म्हणून सेशन बनवल्यावर त्या सेशनवरचं 'गेट_प्रोव्हायडर्स' प्रिंट कर, तिथं कूडा पहिला दिसला पाहिजे. प्रोव्हायडर्सची लिस्ट स्वतः द्यायची, कूडा आणि मग सीपीयू, या क्रमानं, व्हर्जन १.९ पासून जीपीयूच्या बिल्डला ती द्यावीच लागते. मी तर सेशननंतर सरळ चेक टाकतो, कूडा नसेल तर प्रोग्रॅम तिथंच थांबव. गुपचूप स्लो चालण्यापेक्षा तोंडावर पडलेलं परवडतं.

स्पीड मोजताना पहिली फ्रेम धरू नको. कूडावर पहिल्या रनला कॉन्व्होल्यूशनसाठी कुठला अल्गोरिदम फास्ट ते सगळे चालवून शोधलं जातं, त्यात काही सेकंद जाऊ शकतात. इनपुटचा साइज दर वेळी बदलत असेल तर हा शोध पुन्हा पुन्हा होतो, म्हणून फ्रेम एकाच साइजची कर. सुरुवातीला एक काळी फ्रेम मॉडेलला देऊन गरम करून ठेवायचं, मग कॅमेरा चालू.

राहिलं ते कारखान्यात इंटरनेट नसण्याचं. लॅबमध्ये 'पायथन -एम पिप डाउनलोड -डी व्हील्स -आर रिक्वायरमेंट्स' असं करून सगळी व्हील एका फोल्डरमध्ये घे, पेनड्राइव्हवर टाक, तिथं 'पिप इन्स्टॉल', त्याला 'नो-इंडेक्स' आणि 'फाइंड-लिंक्स व्हील्स' जोड. अट एकच, दोन्हीकडं पायथनचं व्हर्जन सेम पाहिजे, लॅबमध्ये ३.१२ नं आणलेली व्हील तिकडच्या ३.११ वर बसणार नाहीत. लॅबमध्ये लिनक्स असेल तर तसंच डाउनलोड करून उपयोग नाही, विंडोजच्या मशीनवरूनच कर. त्याच पेनड्राइव्हवर पायथनचा इन्स्टॉलर, रीडिस्ट्रिब्युटेबल आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर पण ठेव, नाहीतर अर्ध्या कामातून परत यायची पाळी येते. आणि आख्खा व्हीएन्व्ह फोल्डर कॉपी करून न्यायचा विचार करत असशील तर नको, त्यात इथल्या पायथनचे पाथ पक्के लिहिलेले असतात, तिकडं उघडणार नाही.

शेवटचं, पीसी चालू झाला की प्रोग्रॅम आपोआप सुरू करायला टास्क शेड्यूलर लावशील, तिथं नुसतं पायथन लिहू नको, व्हीएन्व्हच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या पायथनचा पूर्ण पाथ दे. 'स्टार्ट इन' चा बॉक्स रिकामा सोडलास तर प्रोग्रॅम सिस्टिम३२ मधून सुरू होतो आणि मॉडेलची फाइल सापडत नाही म्हणतो, तिथं प्रोजेक्ट फोल्डरचा पाथ टाक. हे सगळं करून अजून अडलंच तर एररची शेवटची ओळ, 'व्हेअर पायथन' चं आउटपुट आणि पिप लिस्ट, तिन्ही आख्खं पेस्ट कर. मोबाइलनं काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो नको.